मचाणाखालचे ऊन

त्या राज्यात कोंबड्यांचे पाय जमिनीला लागत नसत. सारे राज्य एका प्रचंड लाकडी मचाणावर वसलेले होते. दाणापाणी तिथेच, खुराडी तिथेच, पिल्लांचे शिकणेसवरणेही तिथेच. जे नासे, कुजे, उरे, ते फळ्यांच्या फटीतून खाली लोटून दिले जाई. खाली काय आहे हे सर्वांना ठाऊक होते, पण त्याचे नाव कोणी घेत नसे. खाली अळ्या होत्या.

चितळाक्का ही राज्याची कोठारीण. पिढ्यान्‌पिढ्यांची पिल्ले तिच्या हातची भरड खाऊन वाढली होती. ज्वारी-मक्याने पोट भरते, अंग भरत नाही, हे ती जाणून होती. अंग भरायला मासळीची भुकटी लागे आणि ती दूरच्या समुद्रावरून बगळे आणत. अळीचा विटाळ कसा टाळावा, हे पिल्लांना शिकवण्याचे कामही चितळाक्काचेच. ते ती मोठ्या निष्ठेने करी.

एका हंगामात बगळे आले ते रिकाम्या टोपल्या घेऊन.

"आक्का, समुद्रात बारीक मासा उरला नाही," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "आमचीच पोरं उपाशी आहेत. पुन्हा वाट पाहू नका."

कोठारातली भुकटी आटत गेली. अंडी लहान झाली, पिसे झडू लागली. झुंजारबा हा राज्याचा मानकरी कोंबडा. त्याची पहाटेची बांग अर्ध्यातच विरू लागली. आणि मग राखोंडी नावाची तरुण कोंबडी कोठाराच्या दाराशी आली. तिच्या चोचीला रक्त लागले होते.

"आक्का, माझी पिल्लं एकमेकांना टोचून खाताहेत. मी एकाला सोडवलं, तर दुसऱ्यावर तुटून पडली."

चितळाक्का धावली. पिल्लांचा गलका चालला होता. सर्वांत लहान पिल्लू भावंडांना चुकवत मागे सरकले, फळ्यांच्या फटीत अडखळले आणि दिसेनासे झाले. राखोंडी फटीकडे पाहत राहिली. खाली जाण्याचा रिवाज नव्हता, शिडीही नव्हती. चितळाक्काने पंख पसरले आणि कडेवरून स्वतःला खाली झोकून दिले.

तिला वाटले होते, दुर्गंधीने जीव जाईल. पण खाली ओल्या मातीचा वास होता. इतक्या वर्षांचे लोटलेले सारे कुठे गेले होते कोण जाणे. उकिरड्याच्या जागी काळी, भुसभुशीत, कोमट माती होती. तिच्यात अळ्यांची नुसती खळबळ चालली होती. आणि मधोमध ते पिल्लू उभे होते. ते घाबरलेले नव्हते. ते खात होते. असे मन लावून खाणारे पिल्लू चितळाक्काने कित्येक दिवसांत पाहिले नव्हते.

"खाऊ दे त्याला," मागून कोणी तरी म्हणाले. एका वाळक्या काटकीवर काळी, लांबट माशी बसली होती. तिचे नाव काजळी.

"ही तुझीच लेकरं ना?" चितळाक्काने विचारले.

"माझी आणि माझ्या बहिणींची. इतकी जन्मतात की सगळ्यांना पुरेल एवढं इथे कधीच नसतं. अर्धी मुंग्या नेतात, उरलेली दाटीत मरतात. तुम्ही आणखी टाकलंत तर आणखी जगतील, त्यातली तुम्ही न्या. पण बियाण्यापुरती राहू द्या."

"आणि तुला काय हवं? दाणा?"

"आम्हाला पंख फुटले की आम्ही खात नाही. आम्हाला ऊन लागतं. उन्हातच आमच्या जोड्या जमतात, आणि इथे कडेचं तिरपं ऊन तेवढं मिळतं. तुमच्या मचाणानं आमचं आभाळ झाकलंय, आक्का. मधली एक फळी काढा."

मधली फळी म्हणजे झुंजारबाची बैठक. चितळाक्काला ते लगेच कळले, पण तिने शब्द दिला. पिल्लाला पाठीवर घेऊन, खांबाच्या आडव्या दांड्यांवर उड्या मारत ती वर आली. चोचीत जेवढ्या मावल्या तेवढ्या अळ्या तिने आणल्या होत्या. कडेला उन्हात तापलेल्या भरडायच्या दगडावर त्या वाळवल्या, भरडल्या, मक्यात कालवल्या आणि सर्वांदेखत पहिला घास स्वतः घेतला.

"मचाणावर विटाळ आणलास, आक्का," झुंजारबा म्हणाला.

"आणला. राखोंडे, पिल्लं घेऊन ये."

राखोंडीची पिल्ले जेवली. त्या रात्री कोणी कोणाला टोचले नाही. मग शेजारीण आली, तिच्या मागून तिची जाऊ. बघता बघता खांबांवर चढउतार सुरू झाली. ज्यांनी आयुष्यात माती पाहिली नव्हती त्या कोंबड्या खालून धापा टाकत येत आणि काय काय पाहिले ते एकमेकींना सांगताना त्यांना शब्द पुरत नसत. नवी पिसे फुटली. अंड्यांना वजन आले. राज्यात कधी नव्हे एवढा कलकलाट माजला.

फळी मात्र जागेवरच होती, कारण झुंजारबा तिच्यावरून उठत नव्हता. खाली अळ्या विरळ होऊ लागल्या. काजळीच्या बहिणी अंधारात म्हाताऱ्या होत होत्या.

चितळाक्का भरडीची वाटी घेऊन त्याच्यापुढे बसली.

"उठायला काय हरकत आहे, बाबा?"

त्याने फळीवरचे पंजे आणखी घट्ट रोवले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "फळी निघाली की खालच्यांना आपण दिसू."

"दिसू."

"आपली झडलेली पिसंसुद्धा."

"ती त्यांनी कधीच पाहिली आहेत. रोज त्यांच्याच अंगावर पडत होती."

झुंजारबाने वाटीकडे पाहिले. तिथे दुसरे कोणी नव्हते. त्याने एक घास घेतला, मग दुसरा, आणि मग वाटी रिकामी केली. पुढचे काही दिवस ती वाटी न बोलता येत राहिली आणि न बोलता रिकामी होत राहिली. एका पहाटे त्याची बांग सुरू झाली ती संपेचना. दूरच्या टेकडीवरून तिचा पडसाद आला. बांग संपल्यावर तो उठला, वळला आणि आपल्या बैठकीचा पहिला खिळा त्याने स्वतःच्या चोचीने ओढला. मग सारे राज्य उरलेल्या खिळ्यांवर तुटून पडले.

माध्यान्हीला फळी निघाली. उन्हाचा सरळ झोत मचाणातून खाली उतरला आणि मातीला लागला. क्षणभर काही घडले नाही. मग त्या झोतातून काळ्या माश्या उठू लागल्या, जोडी जोडीने, गिरक्या घेत. मचाणाच्या पातळीपर्यंत आल्या, तिच्याही वर गेल्या, आभाळात चढत राहिल्या. कोंबड्या भोवती गोल करून उभ्या होत्या. झुंजारबाने एक पाऊल मागे घेऊन त्यांना वाट दिली. साऱ्या मचाणावर एकही मान खाली नव्हती.