चंद्रीच्या कपाळावरचा मोर

जनावरंही हौसेनं गोंदून घ्यायची, त्या काळची ही गोष्ट. चंद्री म्हशीच्या कपाळावर पांढरा टिळा होता. त्यावर तिला मोर हवा होता.

साळूमावशी म्हणजे साळिंदर; ती स्वतःच्याच अंगावरच्या काट्यानं गोंदायची. ती म्हणाली, "काढते की! पण खपली पडेपर्यंत चिखलात लोळायचं नाही. राहवेल?"

"भर उन्हाळ्यात? छे, बाई!" चंद्री तडक बगळ्याकडे गेली.

"आत्ता काढतो आणि लगेच डुंबायला जा," म्हणत बगळा मासे खाल्लेल्या चोचीनंच कामाला लागला. मोर झाला मात्र झकास! चंद्री मिरवत जाऊन डबक्यात पडली.

दुसऱ्याच दिवशी कपाळ टम्म सुजलं. ती कण्हत साळूकडे आली. साळूनं जखम धुतली आणि म्हणाली, "आता बरी होईपर्यंत काठावर कोरडी बस."

म्हणजे कोरडं बसणं काही टळलं नाहीच. सूज उतरली तेव्हा मोराची मान, पिसारा सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं.

वाटेत गाढव भेटलं. "अगं, बटाटा किती हुबेहूब काढलाय! कुणाकडे गोंदलास?"

चंद्रीनं सुस्कारा सोडला. "ते मग सांगते. आधी हे सांग, उकिरड्यावर लोळल्यावाचून राहवेल का तुला?"