ठकूची दवंडी आणि भोपळ्याच्या फुलातली परी

आमच्या पिंपळदऱ्यात तेव्हा भोंगा नव्हता. आता ग्रामपंचायतीवर बसवलाय एक. सकाळी घरघरतो, आणि काय म्हणतो ते त्याचं त्यालाच ठाऊक. तेव्हा गावाला काही सांगायचं असलं की दवंडी पिटायची. हलगी कडाडायची, ‘ऐका हो ऐका’ अशी हाळी उठायची, आणि बायका तव्यावरची भाकरी तशीच टाकून दाराशी यायच्या. ती हाळी आठवली की माझे डोळे अजून भरून येतात. तर पोरांनो, गोष्ट आहे त्या हाळीची.

दवंडीचं काम सुभानाचं. घरात तो आणि त्याची आईवेगळी लेक ठकू, दोनच माणसं. छप्पर गळकं, ठकूच्या परकराला सात ठिगळं, पण सुभानाचा आवाज खणखणीत. सुगीला गाव त्याला धान्य द्यायचं, त्यावर दोघं जगायची. एका वर्षी पावसाळा सरता सरता सुभाना तापानं फणफणला. ताप उतरला, पण आवाज गेला तो गेलाच. नुसते ओठ हलायचे. पाटील महिनाभर थांबले. मग म्हणाले, पौर्णिमेला जत्रेची दवंडी द्यायचीय. तोवर जमलं नाही तर दुसरा माणूस बघावा लागेल.

मी देते, असं ठकू म्हणाली आणि चावडीपुढे जाऊन उभी राहिली. पण तोंडातून निघाली ती उंदराच्या पिल्लाची चूंचूं. लोक खदाखदा हसले. आता मला सांगा, त्यात हसायचं काय होतं? आठ वर्षांची पोर ती. पण हसले खरे.

ठकू रडतरडत देवळामागच्या बागेत गेली. तिथं भोपळ्याचा वेल पसरला होता, त्यावर पिवळीधम्मक फुलं. दुपार झाल्यानं फुलं मिटली होती. कालपासून पोटात अन्न नव्हतं, म्हणून भाजीपुरती फुलं खुडायला ती वाकली, तर एका फुलातून बारीकशी गुणगुण ऐकू आली. कुणी इवलासा जीव अडकलाय वाटतं, असं म्हणत तिनं भूक बाजूला ठेवली आणि पाकळ्या बोटांनी अलगद उलगडल्या.

आतून बाहेर आली एक चिमुकली परी. उंची अंगठ्याएवढी, झगा हळदुवा, पंख निळेजांभळे, नाकाच्या शेंड्यावर सोनेरी परागाचा ठिपका.

“फूल मिटलं आणि मी आतच राहिले बघ,” परी अंग झटकत म्हणाली. “तू खुडलं असतंस तर भाजीतच गेले असते. माग, काय हवं ते माग. पण नियम ऐक. इच्छा एकच, एकाच माणसासाठी. आधी नऊ सकाळी आवाज जागा करायचा, आणि दहाव्या सकाळी बागेच्या त्या टोकावरून मागायचं. मला ऐकू आलं तरच मिळेल.”

आणि परीनं तिला आवाज कसा जागा करायचा ते शिकवलं. पहिल्यांदा खांदे सैल सोडायचे. मग घागर भरते तसा पोट भरून श्वास घ्यायचा, आणि भुंग्यासारखं गुणगुणायचं, ओठांवर गुदगुल्या होईपर्यंत. मग घोडा फुरफुरतो तसे ओठ फुर्रर्र करायचे. जीभ दातांवरून गोल फिरवायची. शेवटी ‘चिंचेखाली चिमणीची चोच चमकते’ हे आधी सावकाश आणि मग भराभर म्हणायचं. घसा मात्र ताणायचा नाही, परीनं बजावून सांगितलं.

ठकू रोज दवबिंदूंनी चमचमणाऱ्या बागेत जायची. पहिल्या दिवशी चिमणीची चोच सगळी तोंडातच अडकली. चौथ्या दिवशी सुटली. मागायचं काय, ते तिनं केव्हाच ठरवलं होतं. धान्य काय, बाबाला आवाज आला तरी मिळालं असतं. पण तिला आवाज हवा होता तो स्वतःसाठी. हसणाऱ्यांची तोंडं बंद करायची होती तिला.

दहाव्या सकाळी ती निघाली, तर उंबऱ्यावर सुभाना बसलेला. हलगी मांडीवर घेऊन तो तिच्यावरची धूळ पुसत होता आणि ओठ हलत होते, ऐका हो ऐका. आवाज नव्हताच. ठकूला भडभडून आलं. ती पळतच बागेच्या टोकाला गेली, खांदे सोडले, पोटभर श्वास घेतला आणि म्हणाली,

“परी गं, माझ्या बाबाचा आवाज बाबाला परत दे!”

परीला तर ऐकू गेलंच. विहिरीवरच्या बायकांनाही गेलं, चावडीवरच्या पाटलांनाही गेलं. हसलेल्यांनी माना खाली घातल्या. आणि तेवढ्यात खोपटाकडून खणखणीत हाक आली, “ठके, ए ठके!”

परी वेलावर बसून हसत होती. “तुला स्वतःसाठी काहीतरी हवं होतं ना?” तिनं विचारलं.

“मला आवाज हवा होता,” ठकू म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून थबकली.

“तो तर सगळ्या गावानं ऐकला,” परी म्हणाली. वेलावरची सगळी फुलं एकदम उमलली, त्यातून सोनसळी उजेड उसळला, आणि त्या उजेडात परी विरून गेली.

पाटलांनी बापलेकीला बोलावून घेतलं आणि धान्याचे दोन वाटे ठरवून दिले. सुभाना हलगी वाजवायचा आणि हाळी ठकूची. मी ऐकली तेव्हा ती केस पिकलेली ठकूआत्या होती, पण हाळी पार ओढ्यापलीकडे जायची. आता ती नाही आणि हलगीही नाही. पण आमच्या गावात मिटलेलं भोपळ्याचं फूल कुणी तसंच खुडत नाही, आधी वाकून कान लावतात. बहुतेकदा आत भुंगाच असतो. मी आपली त्याच्याबरोबर थोडं गुणगुणून घेते.