मायन्यातला एक शब्द

ही घटना मी पाहिलेली नाही; ज्यांच्याकडून ऐकली त्यांनीही पाहिली नव्हती. युद्ध कोणी सुरू केले याविषयी सांगणाऱ्यांत मतभेद आहेत, ते कोण जिंकले याविषयी नाहीत. एकदा एक सम्राट सात वर्षांचे युद्ध जिंकला, इथपासून सगळेच सुरुवात करतात.

विजयानंतरचे पहिले पत्र घाटमाथ्यावरच्या मांडलिकाला जायचे होते. युद्धकाळात त्याच्या हवाली केलेले तीन किल्ले परत मागायचे होते. वृद्ध चिटणीस मजकूर सांगत होता, त्याचा शिष्य लिहून घेत होता. त्या दरबारात मायन्याचा नियम कडक होता. सम्राट मांडलिकाला 'आज्ञा' लिही, मांडलिक सम्राटाला 'विज्ञापना', आणि 'विनंती' केवळ बरोबरीच्यांत चाले. चिटणिसाने सांगितले, "लिही, विनंती विशेष."

शिष्याची लेखणी थांबली. मायन्यात एक 'श्री' कमी लिहिली म्हणून मागच्या वर्षी एका कारकुनाचा उजवा अंगठा गेला होता. शिवाय पत्र जो वाचून दाखवी, शब्दांचा जाब त्यालाच द्यावा लागे. आणि चिटणिसाची नजर मंदावल्यापासून वाचन शिष्याकडे होते.

"पंत, आपण 'आज्ञा' म्हणालात ना?"

"डोळे गेलेत माझे, जीभ नाही."

शिष्याने हळू आवाजात आठवण करून दिली, की युद्ध आपण जिंकलो आहोत.

"जिंकलो, आणि कशाच्या बळावर तेही ऐक," चिटणीस म्हणाला. "पहिल्या वर्षी त्याच्याकडे पाचशे स्वार मागितले, ते आले. तिसऱ्या वर्षी घाटातली आपली शिबंदी रणावर नेली आणि किल्ले त्याच्या हाती दिले. पाचव्या वर्षी त्याचे स्वार घरी परतायला निघाले, तेव्हा त्यांना थोपवणारे पत्र मीच लिहिले. मायना आज्ञेचा होता, आत तीनदा 'कृपा करून' होते. तो मूर्ख नाही, त्याने आतले वाचले. न ऐकल्यास काय होईल हे दोघांनाही ठाऊक असते, तोवरच आज्ञा ही आज्ञा असते. आज घाटात पाठवायला आपल्याकडे माणूस उरलेला नाही. आज्ञा लिहिलीस तर तो नाही म्हणेल, आणि ते 'नाही' बाकीचे अकरा मांडलिक ऐकतील. विनंती केली तर एखादा किल्ला मिळेलही."

"आणि महाराजांनी जाब विचारला तर?"

"माझे नाव सांग. माझे अंगठे तसेही संधिवाताने गेलेत."

शिष्याने तो शब्द लिहिला. पत्र वाचायला तो सम्राटापुढे उभा राहिला तेव्हा दरबारात विजयाची नौबत झडत होती, आणि सरदारांच्या बैठकींपैकी निम्म्या रिकाम्या होत्या. कागदावर विनंती ठेवून तोंडाने आज्ञा वाचावी, हा मोह त्याला झाला. कोणाला कळले नसते. पण ज्या शब्दावर शिक्का उठणार तो धन्याच्या कानी पडायलाच हवा, इतके त्याच्या विद्येने त्याला शिकवले होते. एकेक अक्षर सुटे करीत त्याने वाचले, "विनंती विशेष."

सम्राटाची मान किंचित वर झाली. नौबत चालूच होती. सेनापतीच्या रिकाम्या बैठकीकडे त्याने क्षणभर पाहिले.

"पुढे वाचा," तो म्हणाला.

पत्रावर शिक्का उठला. दीड महिन्याने उत्तर आले. तीनपैकी एक किल्ला परत मिळाला होता. उत्तराच्या मायन्यात मात्र 'विज्ञापना' नव्हती, 'विनंती' होती. पुढच्या वर्षभरात इतर मांडलिकांची पत्रेही त्याच मायन्याने येऊ लागली. कोणी बंड केले नाही, कोणी जाहीरनामा काढला नाही.

पुढे शिष्य स्वतः चिटणीस झाला. त्याचे विद्यार्थी त्याला विचारीत, की तो शब्द सम्राटाने नौबतीच्या आवाजात ऐकलाच नव्हता, की ऐकून स्वीकारला होता? आपण त्या वेळी कागदाकडे पाहत होतो, एवढेच तो सांगे.