निंबखोरीच्या भिंतीवरची तांबडी रेघ

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे फोटो काढताना घोटाळा नको. समोरच्या भिंतीवरची ही वेडीवाकडी तांबडी रेघ म्हणजे नाग नाही. ते दोन डोळे आणि ती दुभंगलेली जीभ नगरपंचायतीने चार वर्षांपूर्वी सुशोभीकरणात ऑइलपेंटने रंगवून घेतली. मी अर्ज दिला, दोनदा जाऊन बसलो. साहेब म्हणाले, "नाना, डोळ्यांशिवाय पाहुण्यांना नाग कळत नाही हो." आता यावर माणसाने काय बोलावं? मूळची रेघ साध्या गेरूची आहे आणि ती कोणी काढली हे कुणालाच ठाऊक नाही. बाकीचं सगळं ठाऊक आहे, ते सांगतो.

गोष्ट जहागिरीच्या काळातली. ही भिंत तेव्हा कचेरीची होती. वर रुंद वळचण आहे, त्यामुळे पावसाचं पाणी हिला लागत नाही. गावाच्या वरच्या अंगाला तळं आहे. त्याचं पाणी अडवणारा मातीचा मोठा बांध, त्याला आम्ही पाळ म्हणतो, आणि पाळीच्या अगदी पायथ्याशी कुंभारआळी. त्या साली आषाढात अकरा दिवस पाऊस उघडला नाही, असं सांगतात. तळं काठोकाठ भरलं. जादा पाणी निघून जायला पाळीच्या टोकाशी सांडवा होता, पण तो गाळाने बुजून गेलेला. गाळ कोणी काढायचा यावर तीन वर्षं नुसता वाद चालू होता.

अशात एका दुपारी कचेरीच्या भिंतीवर चित्र उमटलं. एक लांब काळी पट्टी, टोकाला पिंपळ, खाली छोटी छोटी घरं, आणि पट्टीतून घरांच्या दिशेने उतरणारी एक तांबडी रेघ. तळ्याची पाळ, पाळीवरचा पिंपळ, खाली कुंभारआळी आणि पाळीला गेलेली चीर. याहून उघड काय काढायचं हो माणसाने?

कारभारी होते विसाजीपंत. मोठे टापटिपीचे. त्यांना दिसलं ते एवढंच, की भिंत खराब झाली. त्यांनी चुना मारून घेतला. दुसऱ्या दिवशी चित्र परत आलं आणि रेघ वीतभर लांब. पुन्हा चुना, पुन्हा चित्र. मग दवंडी पिटली, की चित्र काढणाऱ्याने तीन दिवसांत हजर व्हावं. कोण हजर होणार? मग दोन शिपाई बसवले. ते भाकरी खायला गेले की रेघ वाढलेली. एक रंगारी आणि परगावचा म्हणून एक गोसावी, दोघांना धरून कोठडीत घातलं. ते आत बसलेले असतानाही रेघ वाढली, तेव्हा नाइलाजाने सोडलं. चित्र काढतो कोण, यासाठी सगळी कचेरी राबत होती. चित्रात काय आहे ते पाहायला एक माणूस पाळीवर गेला नाही.

लोकांनी तर त्याच्याही वर कडी केली. नागपंचमी तोंडावर आली होती. कुणीतरी त्या रेघेला हळदकुंकू वाहिलं, कुणी लाह्या ठेवल्या, आणि उपाध्यायांनी निर्वाळा दिला की हा साक्षात नागोबा, वारुळातून निघून गावात आलेला. रोज वीतभर वाढतो यापेक्षा मोठं प्रत्यंतर कोणतं? नवस सुरू झाले. नागाचं तोंड कुंभारआळीकडे आहे म्हणून वाणीआळीची मंडळी रुसली. तोंड आमच्याकडे फिरवून मिळावं, असा अर्ज घेऊन ती पंतांकडे गेली होती म्हणे. पंतांनी वारा ओळखला. चुना थांबवला, भिंतीपुढे मांडव घातला आणि तेच दोन शिपाई, आता चित्र कोणी पुसू नये म्हणून, उभे केले.

नागपंचमीच्या दिवशी सगळं गाव मांडवात लोटलं. तिथे कुंभारआळीची चिमाई आली. नवरा गेलेली, मूलबाळ नाही, एकटीच चाक चालवून पोट भरायची. भांड्यांची माती ती तळ्याकाठून आणत असे, त्यामुळे पाळीचा हातन् हात तिच्या ओळखीचा. चित्र पाहिलं आणि ती थेट पंतांपुढे जाऊन उभी राहिली.

"पंत, ह्यो नाग न्हवं. पाळीला चीर पडलीया, ती हाय ही. पानी झिरपाया लागलंय. आत्ताच्या आत्ता मानसं लावून सांडवा मोकळा करा, न्हायतर आमची आळी वाहून जाती."

पंत म्हणाले, "आज नागपंचमी आहे. आज जमिनीला कुदळ लावणाऱ्याचा निर्वंश होतो, हे तुला कुणी सांगितलं नाही काय?"

मांडवातला एकही माणूस हलला नाही. कुंभारआळीतलेही नाहीत. सगळ्यांना लेकरं होती.

"मला लेकरू न्हाई," चिमाई म्हणाली. "मग मीच लावती कुदळ."

ती गेली. मांडवात आरती चालू होती आणि वर ती एकटी गाळ उपसत होती. तिसऱ्या प्रहरी सांडवा धो धो वाहू लागला, तळं हातभर उतरलं आणि पाळ टिकली. आता खरा वैताग ऐका. पाळ फुटलीच नाही, त्यामुळे ती फुटणार होती हे कुणाला पटेना! नागोबाने गाव राखलं म्हणून पेढे वाटले, आणि नागपंचमीला जमीन खणली म्हणून चिमाईला त्याच संध्याकाळी गावाबाहेर काढलं. ती चिखलाच्या पायांनीच निघाली. तिची कुदळ तेवढी तिने बरोबर नेली.

दुसऱ्या दिवसापासून रेघ वाढली नाही. पण चित्रातल्या पाळीच्या टोकाला, सांडव्याच्या जागी, कुदळ उगारलेली एक बाई उमटली. पंतांनी नागाला धक्का न लावता तेवढ्या बाईवर चुना मारला. ती परत उमटली. तीनदा मारला, तीनदा उमटली. चौथ्या दिवशी पंतांनी चुन्याची बादली खाली ठेवली आणि ते पहिल्यांदाच पाळीवर गेले, असं सांगतात. चीर चित्रातल्यासारखीच वळणं घेत गेली होती आणि आळीच्या पहिल्या घरापासून दहा पावलांवर थांबली होती. पंत तिथेच चिखलात बसले.

चिमाईला आणायला माणूस धाडला. माफीच्या निरोपासोबत गावाने त्याला आणखी एक गोष्ट विचारून यायला सांगितलं, की चित्र काढलं कोणी, तिला माहीत असेल. धन्य आहे! तिने उत्तर पाठवलं, "म्या न्हाई काढलं. ज्यानं काढलं त्याचं नाव कळून काय करनार? त्याला बी हळदकुंकूच लावाल. फुडल्या श्रावणात सांडवा कोन उपसनार, ते ठरवा आधी." ती काही परत आली नाही.

ते मात्र ठरलं, आणि आजही मोडलेलं नाही. नागपंचमीला सगळ्या मुलखात कुदळी भिंतीला टेकलेल्या असतात, तेव्हा निंबखोरीत सांडव्यात पहिली कुदळ पडते आणि गाळाची पहिली पाटी गावातला सगळ्यात मोठा अधिकारी डोक्यावरून नेतो. हल्लीचे साहेब पाटी अर्धीच भरायला सांगतात, ते असो. पाहुणे मात्र तिकडे फिरकत नाहीत. सगळे इथे, या ऑइलपेंटच्या डोळ्यांपुढे. आणि प्रश्नही एकच, चित्र काढलं कोणी.

जमलं तर त्या दिवशी या आणि पाळीवर या. पहिल्या कुदळीचा मान मूल नसलेल्या बाईचा असतो. नवरा असो नसो, एरवी जिला शुभकार्यात कोणी पुढे येऊ देत नाही, तिची त्या दिवशी गावातल्या लेकुरवाळ्या बायका रांग लावून ओटी भरतात.