दोराच्या शेंड्यावरची शिंपली

“…यंदा वैशाखात वरचं पाणी असं तापणार, की दोरावरच्या शिंपल्या एकजात…” एवढंच बोलून कुरव पक्षी तरंगत्या पिंपावरून उडाला. पिंपाखाली कान देऊन बसलेल्या खेकड्याच्या पदरात अर्धीच बातमी पडली.

मुलांनो, हे घडलं किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात. तिथे माणसांनी पिंपं तरंगत ठेवून त्यांना दोर सोडले होते आणि त्या दोरांवर शिंपल्या वाढवल्या होत्या. शिंपली अंगातून बारीक धागे काढते आणि त्यांनी दोराला घट्ट धरून बसते. अशाच एका दोराच्या शेंड्याला, अगदी वर पिंपाजवळ, एक शिंपली आपली तिळाएवढी पिल्लं घेऊन राहत असे. वर खाणं भरपूर, म्हणून ती जागा सगळ्यांना हवीशी. पण अलीकडे समुद्र दर उन्हाळ्यात जरा जास्तच तापू लागला होता आणि दुपार झाली की पिल्लं मलूल होत.

खेकडा मनाचा वाईट नव्हता हो, पण ऐकलेलं पोटात ठेवणं त्याला जमत नसे. तो तडक आला. “शेजारीणबाई, ऐकलंत का? तुम्ही सगळ्या मरणार! प्रत्यक्ष कुरवाने सांगितलं. सोडा दोर, टाका उड्या, तळाला गार आहे!”

शिंपली घाबरली. तिने पाचातले तीन धागे तटातट तोडलेसुद्धा.

“थांब गं पोरी!” खालून एक म्हातारी शिंपली ओरडली. “तळाला गार आहे, तसा तारामासाही आहे. तुझ्या लेकरांना उघडून खाईल तो.”

“मग काय इथेच शिजू देऊ, मावशी?”

“इथे राहा कोण म्हणतंय? खाली सरक. आधी नवा धागा चिकटव, तो धरला की मगच जुना तोड. काय हो खेकडेभाऊ, कुरवाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलंत?”

खेकडा नांग्या चोळू लागला. “शेवट तेवढा मी लावला. दिसतच होतं की!”

त्या दिवसापासून शिंपली पिल्लांना घेऊन रोज बोटभर खाली सरकू लागली. तिचं बघून इतरही निघाल्या. शेंड्यावरच्या दोघी मात्र हसल्या, “असलं खाणं सोडून कोण जातं?”

वैशाख आला. वरचं पाणी पेजेसारखं कढत झालं. खालीसुद्धा उकाडा जाणवत होता, पण सोसवेल इतकाच. पाणी निवल्यावर शिंपलीने हळूच तोंड उघडून हाका मारल्या. “मी आहे!” “मीपण!” करत पिल्लं ओ देऊ लागली. सगळ्यात धाकटं गप्प होतं. शिंपलीचा जीव घाबराघुबरा झाला. तेवढ्यात आवाज आला, “आई, झोपू दे ना!”

कुरव परत आला, तेव्हा खेकड्याने त्याला गाठलंच. “आता वाक्य पुरं करा बघू!”

“कुठलं? ते होय! एकजात मरतील, असं माझी आत्या म्हणते. पण ती मेली सदाचीच घाबरट!”

“आत्या अगदीच चुकली नाही बरं,” शेंड्यावरच्या दोन रिकाम्या कवचांकडे बघत मावशी म्हणाली. “पोरी, आता खाण्यासाठी पुन्हा वर गेलीस, तरी पुढच्या वर्षी होळी झाली की लगेच खाली निघायचं.”

तात्पर्य : अर्ध्या बातमीला आपल्या मनाचा शेवट लावून पळत सुटू नये, आणि अर्धीच आहे म्हणून हसण्यावारीही नेऊ नये. हातचं सुटू न देता वेळेवर पाऊल उचलावं.