रंगारणीची लेक आणि शाळेतला प्रश्न

राजे आले नि गेले, त्यांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. नदीकाठच्या एका नगरात एक रंगारीण राहत होती. तिचा नवरा लवकर गेला होता. नीळ कालवून कालवून तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते, पण एकुलत्या एका लेकीला तिनं कशाचं काही कमी पडू दिलं नव्हतं.

त्या राज्यात एक नियम होता. मूल दहा वर्षांचं झालं की त्यानं शाळेच्या अंगणात उभं राहायचं आणि ग्रंथशाळा, शिल्पशाळा की वैद्यशाळा, हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं. नियम चांगला होता, पण लोकांनी त्याची पार वाट लावली होती. आईबाप महिनाभर आधी मुलांकडून उत्तर घोकून घ्यायचे आणि मुलं ते बोलून मोकळी व्हायची. रंगारणीनं तर तेही केलं नव्हतं. आपण तिथं असणारच, मग पोरीला कशाला त्रास, असं तिला वाटलं.

लेक दहा वर्षांची झाली आणि अंगणात उभी राहिली. "तू काय शिकणार, बाळ?" शाळेच्या मुख्य आचार्याबाईंनी विचारलं.

मुलीनं मान वळवून आईकडं पाहिलं.

"ग्रंथशाळा!" आई गर्दीतून ओरडली.

"मी मुलीला विचारलंय."

"आई सांगेल ते," मुलगी म्हणाली.

"किती गुणी पोर!" कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

आचार्याबाई संतापल्या. "गुणी? दहा वर्षांच्या मुलीला स्वतःचं एक वाक्य बोलता येत नाही आणि तुम्ही कौतुक करता? हिला घरी न्या. हिला स्वतःचं काही सांगायचं असेल, तेव्हा घेऊन या."

रंगारीण घरी आली ती धुमसतच. हातातलं भांडं तिनं आदळलं. "मी राब राब राबले आणि ही बाई चारचौघांत माझाच पाणउतारा करते! मला पोरीचं भलं कळत नाही होय?" बराच वेळ ती अशीच बडबडत राहिली. मग तिनं चूल पेटवली आणि लेकीला विचारलं, "भाकरीबरोबर काय करू? पिठलं की भाजी?"

मुलगी गोंधळली. "तुला काय वाटतं?"

"अगं, भूक तुला लागलीय ना?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. चुकीचं बोलले तर, अशी भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. पिठलं की भाजी, एवढ्याशा प्रश्नाची भीती! रंगारणीचा हात परातीतच थांबला. तिच्या मनातला सगळा राग गर्रकन फिरला आणि तिच्या स्वतःवरच येऊन आदळला. हिला कुठला परकर आवडतो, हे आपण कधी विचारलं नाही. कुणी काही विचारलं, की हिच्या आधी आपणच तोंड उघडलं. आणि याला आपण माया समजत होतो!

दुसऱ्या दिवशी तिनं मंजिष्ठेच्या लाल रंगाचं पातेलं लेकीपुढं ठेवलं. "ही तीन पागोटी. रंगातून कधी काढायची, ते तू ठरव."

मुलीनं ती घाईनं काढली. तिन्हींवर डाग पडले. नेमका तेव्हाच तिचा दीर आला आणि कडाडला, "वहिनी, गिऱ्हाइकाचं कापड पोरीच्या हाती देता? अक्कल गहाण टाकलीय का?"

"भाऊजी, तुम्ही जरा गप्प बसा," रंगारीण म्हणाली. तिच्याही जिभेवर दहा शब्द आले होते. ते तिनं गिळले आणि लेकीला विचारलं, "आता काय करूया?"

मुलीची नजर शेजारच्या निळीच्या पातेल्याकडं गेली. मग तिनं पागोटी निळीत बुडवली. दोन सुरेख जांभळी निघाली, तिसरं वायाच गेलं. तेव्हा ती आपणहून गिऱ्हाइकाकडं गेली आणि म्हणाली, "हे माझ्याकडून बिघडलं. तुम्हाला नवं रंगवून देते." परतताना तिची चाल वेगळीच होती.

पुढं रंगारणीनं आचार्याबाईंची परवानगी काढली आणि लेक तिन्ही शाळांत थोडे थोडे दिवस बसून आली. रोज घरी आल्यावर आईला विचारावंसं वाटायचं, "ग्रंथशाळा आवडली ना?" पण ती फक्त एवढंच विचारायची, "काय पाहिलंस?"

एक दिवस मुलगी पांढरीफटक होऊन आली. "वैद्यशाळेत जखम बघून मला घेरी आली."

सोड मग ती शाळा, हे शब्द आईच्या अगदी ओठांवर आले होते. "उद्या परत जावंसं वाटतंय का?" तिनं विचारलं.

मुलगी विचारात पडली. "हो," ती म्हणाली. "तो माणूस बरा झाला का, ते बघायचंय."

वर्ष सरलं. मुलगी पुन्हा अंगणात उभी राहिली. दीर मागून कुजबुजला, "ग्रंथशाळा म्हण, ग्रंथशाळा!"

"वैद्यशाळा," मुलगी म्हणाली. आवाज थरथरत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "पहिल्या दिवशी मला घेरी आली. दुसऱ्या दिवशी मी भिंतीला धरून उभी राहिले. तिसऱ्या दिवशी पट्टी बांधायला मदत केली. मला तेच शिकायचंय."

"आणि चुकलं तर?" आचार्याबाईंनी विचारलं.

"तर तुम्हाला येऊन सांगेन आणि दुसरं शोधेन."

दीर रंगारणीवर खेकसला, "वहिनी, आवरा तिला! पोरीच्या जातीला एवढी हिंमत बरी नाही."

तेव्हा मात्र रंगारणीचा तोल सुटला. "दहा वर्षं मी तिला आवरलं, तेवढं पुरे झालं! तुम्हाला घाबरलेली पोर चालते, ठरवणारी चालत नाही. लाज आपल्याला वाटायला हवी, तिला नव्हे!" आचार्याबाईंनी मुलीचं नाव वैद्यशाळेच्या पटावर लिहिलं.

दोन वर्षांनी मुलीच्या लक्षात आलं, की औषधं कुटण्यापेक्षा मोडलेली हाडं बसवण्यात आपला हात अधिक चालतो. गुरूंना सांगून तिनं वर्ग बदलला. आईला हे चार दिवसांनी कळलं. क्षणभर तिला राग आला, मग हसू आलं. पुढं त्या मुलीनं कितीतरी माणसांना पुन्हा पायांवर उभं केलं. आजाऱ्याजवळ बसली, की तिचा पहिला प्रश्न नातेवाइकांना नसे, त्या आजाऱ्यालाच असे.

तात्पर्य : ज्या मुलाला घरात ठरवू देतात आणि चुकूही देतात, तेच मूल शाळेच्या आणि जगाच्या प्रश्नापुढं न डगमगता उभं राहतं.