अर्जातले एकवीस दिवस

"…पण माझा नंबर लागेल का, बाई? खरं सांगा."

आयरेबाई चमच्याच्या दांड्याला सुती पट्टी गुंडाळत होत्या. दांडा जाड झाला की लुळ्या बोटांना धरता येतो.

शाल्मली अर्ज घेऊन समोर उभी होती. ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज. पदवीला ती वर्गात पहिली आलेली, प्रवेश परीक्षाही उत्तम गेलेली. राहिलं होतं फक्त बाईंचं शिफारसपत्र. या पुनर्वसन केंद्रात तीस वर्षं बाई गेलेल्या हातांना पुन्हा घास उचलायला शिकवत होत्या. त्यांच्या चार ओळींना वजन होतं.

"जागा किती?"

"सहा. अर्ज दोनशेच्या वर. पहिल्या दहांत मी नक्की आहे. पण दहा आणि सहा यांत…"

"इथल्या कामाचं काय लिहिलंयस?"

याच प्रश्नाची तर ती वाट बघत होती. तिने वाचून दाखवलं.

"अर्धांगवायूचा रुग्ण. वय बासष्ट, व्यवसाय गवंडीकाम. एकवीस दिवस दुपारच्या जेवणाची जबाबदारी. सुरुवातीला अर्धी वाटी भातही संपत नसे. आता पूर्ण ताट संपतं. वजन दोन किलोने वाढलं."

"भिवाजी."

"हो, भिवाकाका."

"पहिल्या दिवशी त्यांना अर्धी वाटी भाताला किती वेळ लागला?"

"पाऊण तास. त्यातही निम्मा अंगावर. मला बघवेना, बाई. शिवाय दीड वाजता दुसरा पेशंट असायचा…"

बाईंनी पट्टीला गाठ मारली.

"काल त्यांचा मुलगा येऊन गेला. नवरा-बायको दोघंही दिवसभर कामावर. बाप आपल्या हातानं जेवत असेल तर घरी नेणार होता."

"मग कधी नेतोय?"

"एकटाच परत गेला. पुन्हा कधी येतो ते बोलला नाही."

शाल्मलीला राग आला. पत्र द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणावं. मुलाचं कशाला काढायचं मध्येच?

बाई उठल्या. ती मागोमाग गेली.

खिडकीजवळच्या खाटेवर भिवाजी टेकून बसले होते. पुढ्यात आमटी-भाताचं ताट. चाळीस वर्षं थापी धरलेला उजवा हात मांडीवर पडलेला.

बाईंनी त्यात चमचा ठेवला, एकेक बोट त्याभोवती मिटवलं आणि आपला हात काढून घेतला.

बोटांनी चमचा धरला होता. सैल, पण धरला होता. शाल्मलीने ते पाहिलं.

"जेवा, भिवाजी."

भिवाजींनी ताटाकडे पाहिलं नाही. बाईंकडेही नाही. त्यांची नजर शाल्मलीवर गेली, चेहरा उजळला…

आणि त्यांनी तोंड उघडलं.

बोटं सुटली. चमचा चादरीवर पडला. त्यांना ते कळलंही नाही.

शाल्मलीचा हात आपोआप ताटाकडे गेला. बाईंनी तिचं मनगट धरलं.

"बाई, भूक लागलीय त्यांना."

"लागलीय."

भिवाजी थांबले होते. ओठ थरथरत होते, तोंड उघडंच. नजर तिच्यावरून हलत नव्हती.

"बाई… मी काय करू?"

बाईंनी तिचं मनगट सोडलं.

"तूच सांग त्यांना. तोंड मिटा म्हणावं."